‘मी’च्या जागी ‘आम्ही’ वाचावे

चष्मेवाल्याच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं त्याच्या सासूबाई त्याच्याशी पाहुण्याशी बोलावं तशा बोलत आल्या होत्या. जावईबापू बसा, जावईबापू चहा घ्या, जावईबापू दुकान काय म्हणतंय. यात राग नव्हता. पण माया म्हणावी, तर तीही नव्हती. लेकीनं डोळ्यांचा डॉक्टर पसंत केलाय असं सुरुवातीला कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि प्रत्यक्षात निघाला चष्म्यांचा दुकानदार. त्यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर निदान भांडता तरी आलं असतं, असं चष्मेवाल्याला नेहमी वाटायचं.

माणूस तसा निरुपद्रवी होता. नाद एकच, छोट्या आगगाड्यांचा. मागच्या खोलीत भिंतीला लागून एक भली मोठी फळी, फळीवर रूळ, बोगदा, स्टेशन, सिग्नल, आणि त्यांच्यामधून फिरणारी बोटभर उंचीची गाडी. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांचे मुंगीच्या डोक्याएवढे स्क्रू पिळायचे आणि संध्याकाळी त्याच स्क्रूड्रायव्हरनं इंजिन उघडून बसायचं. त्याची बायको मोटार चालवायला शिकवायची. क्लच हळू सोडा, क्लच हळू सोडा, असं दिवसभर ओरडून ती इतकी दमलेली असायची की घरातली गाडी आपली आपण चालते यातच तिला समाधान होतं.

या नादाच्या लोकांचं एक मासिक निघायचं, ‘धाकटी रेल्वे’. त्यात आपला लेख छापून यावा, ही चष्मेवाल्याची फार दिवसांची इच्छा. सिग्नलच्या दिव्यांवर त्यानं एक लेख पाठवला, तो परत आला. वळणावर रूळ कसे टाकावेत यावर पाठवला, तोही परत आला. दोन्ही वेळा संपादकांनी एकच ओळ लिहिली होती: लेख नेटका आहे, पण यात नवीन काय? प्रश्न झोंबणारा होता आणि झोंबण्याचं कारण म्हणजे तो बरोबर होता.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या राहायच्या मुलाकडे, आणि त्याचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा काही दिवस लेकीकडे, असं ठरलं. चष्मेवाल्याच्या घरात मोकळी म्हणावी अशी एकच खोली होती, ती म्हणजे रेल्वेची. फळी काही खोलीबाहेर काढता येईना. त्यामुळे एका भिंतीला रेल्वे आणि समोरच्या भिंतीला सासूबाईंचा पलंग, अशी मांडणी झाली. जावयाला वाटलं, संपलं आपलं. आता गाडी सुरू करायची तर परवानगी काढावी लागणार.

पहिले काही दिवस तसंच झालं. जावईबापू, आता जरा पडते मी, असं त्या म्हणाल्या की चष्मेवाला स्विच बंद करून चोरपावलांनी बाहेर जायचा. पण गुडघा दुखत असला की माणूस छताकडे तरी किती बघणार? त्या समोरचा डोंगर बघत राहिल्या. थर्माकोलचा कापलेला, वर हिरवा रंग दिलेला. एका संध्याकाळी त्यांना राहवेना.

“जावईबापू, या डोंगराला इस्त्री का केलीय?”

सासूबाईंनी आख्खी नोकरी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवण्यात घालवली होती. डोंगराला चुण्या असतात, एवढं साधं या माणसाला कळू नये, याचं त्यांना मनापासून आश्चर्य वाटत होतं. त्यांनी कपाटातली आपली जाड जुनी शाल मागवली, जावयाकडून सुईत दुहेरी दोरा ओवून घेतला आणि शालीतून लांब लांब धावदोरा घालत गेल्या. मग दोऱ्याचं टोक धरून हळूच ओढलं. शाल गोळा होत गेली आणि तिच्यात दऱ्या पडल्या, सुळके उठले, एक घळ तर अशी पडली की तिच्यातून ओढा वाहायचाच बाकी होता. चष्मेवाला आ वासून बघत राहिला. त्यानं कागदाच्या बोळ्यांवर ती शाल पसरली, तिच्यावर प्लास्टर चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी खोलीत खराखुरा डोंगर उभा होता.

त्यानंतर दोघांना थांबवणं कठीण झालं. तारेला सुतळीचे धागे पिळून सासूबाईंनी झाडं केली. चष्मेवाल्यानं केलेलं झाड त्यांनी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं आणि एकच शब्द उच्चारला: उसवा. हा शब्द त्यांचा आवडता होता. शाळेतल्या पोरी त्याला टरकून असत म्हणे. पूल वाकडा झाला, उसवा. स्टेशनचं छप्पर जमलं नाही, उसवा. खाली बसणं त्यांना जमेना म्हणून चष्मेवाल्यानं फळी त्यांच्या कमरेइतक्या उंचीवर घेतली. या गडबडीत ‘जावईबापू’तले ‘बापू’ कधी गळाले आणि ‘अहो’चं ‘अरे’ कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. अरे तो चिमटा दे, अरे तुझा रूळ माझ्या झाडात घुसतोय, असं त्या म्हणू लागल्या. बायकोनं हे दारातून ऐकलं आणि न बोलता निघून गेली, कारण असल्या गोष्टींना दृष्ट लागते असं तिचं मत होतं. चष्मेवाल्याची आई तो लहान असतानाच गेली होती. घरात कुणीतरी आपल्याला ‘अरे’ म्हणतंय, याचा त्याला किती आनंद झाला होता ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण झाला होता.

गुडघा बरा झाला तरी सासूबाई परत जायचं नाव काढीनात, आणि चष्मेवाल्यानं लेख लिहायला घेतला. ‘डोंगराला चुण्या कशा घालाव्यात’. इथं त्याची एक पंचाईत झाली. डोंगर नि झाडं सासूबाईंची, हे तर लिहायला हवं. पण ‘धाकटी रेल्वे’ त्यानं वर्षानुवर्षं वाचलेली. तिच्यात आजवर व्होल्ट, अँपिअर आणि मिलिमीटर यांच्याशिवाय कुणाचा उल्लेख आलेला त्याला आठवेना. त्यात एकदम ‘माझ्या सासूबाई’ कशा घालायच्या? त्याच्या आगगाडी-क्लबातली मंडळी महिनाभर हसतील. शेवटी त्यानं तोडगा काढला आणि सगळीकडे ‘आम्ही’ लिहिलं. आम्ही शाल घेतली, आम्ही दोरा ओढला. एका शब्दात दोघं बसले, आणि कुणाला काही सांगावंही लागलं नाही.

सासूबाईंनी लाल पेन्सिल घेऊन लेख तपासला. ‘आम्ही’पाशी त्या जरा थांबल्या, म्हणाल्या, बरं लिहिलंयस, आणि मग स्वतःच्या हातानं मधेमधे चार वाक्यं घातली. अर्थात ‘आम्ही’ला धरूनच. धावदोरा कसा घालावा हे आम्ही वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आलो आहोत, हे एक. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आम्हाला खाली बसता येत नाही, सबब फळी उंच घ्यावी, हे दुसरं. या खेपेला लेख परत आला नाही. संपादकांचा फोन आला की पुढच्याच अंकात घेतोय. सासूबाईंनी आपल्या जुन्या मैत्रिणींना फोन करून सांगितलं की आमचा लेख येतोय हो.

अंक आला. चष्मेवाल्यानं दुकानातच पाकीट फोडलं आणि पहिली ओळ दोनदा वाचली. मी शाल घेतली. मी दोरा ओढला. लेखभर ‘आम्ही’ कुठेही नव्हता. संपादकांनी एकूण एक ‘आम्ही’ शोधून त्याचा ‘मी’ केला होता, त्यामुळे चष्मेवाला स्वतःच्या नावाखाली छापील अक्षरांत सांगत होता की मी वर्षानुवर्षं मुलींना धावदोरा शिकवत आलो आहे, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मला खाली बसता येत नाही.

त्यानं तिथल्या तिथं संपादकांना फोन लावला. संपादक शांतपणे म्हणाले की तो त्यांचा नियम आहे. लेख छापून येणार म्हटलं की नव्या माणसाच्या अंगात येतं आणि तो स्वतःला ‘आम्ही’ म्हणवून घेतो. “असल्या मोठेपणाला आम्ही थारा देत नाही,” संपादक म्हणाले. “आम्ही सरळ ‘मी’ करतो.” फोनवर खरं काय ते सांगायला हवं होतं. पण समोर खुर्चीवर एक गिऱ्हाईक एक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं, आणि त्याच्यादेखत सासूबाई हा शब्द काढायचं चष्मेवाल्यानं टाळलं. मला ‘आम्ही’च हवंय, एवढंच तो म्हणाला. का, असं संपादकांनी विचारलं, तर म्हणाला, कारण ते ‘आम्ही’च होतं. पलीकडून एक उसासा ऐकू आला.

घरी सासूबाईंनी लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यांचा चेहरा काही बदलला नाही. अंक नीट मिटून त्यांनी जावयाच्या हातात दिला.

“छान छापलाय. अभिनंदन, जावईबापू.”

त्यानं घाईघाईनं सांगून पाहिलं की हे संपादकांनी केलंय, माझ्या मनातही नव्हतं. त्या म्हणाल्या, असू दे हो, त्यात काय. त्या दिवसापासून त्यांनी फळीकडे पाठ केली. अर्धवट पूल तसाच राहिला. गाडी सुरू केली तर त्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसायच्या. आणि मग एका सकाळी त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं की गुडघा आता ठणठणीत आहे, जिने चढता येतात, येत्या रविवारी मला न्यायला ये. बायकोनं नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि काय बोललास आईला, असं विचारलं. काही बोललो नाही, असं तो म्हणाला, आणि दुर्दैवानं ते अक्षरशः खरं होतं.

दरम्यान जगानं लेख वाचला होता. गिऱ्हाइकं गुडघ्याची चौकशी करू लागली. शेजारच्या दुकानदारानं त्याच्यासाठी बूड टेकायला उंच स्टूल पाठवून दिलं. हेही परवडलं असतं, पण पुढच्या अंकात दुरुस्ती आली. चौकटीत, ठळक अक्षरांत: ‘गेल्या अंकातील डोंगरावरील लेखात जिथे जिथे “मी” आहे, तिथे तिथे, लेखकाच्या आग्रहावरून, “आम्ही” असे वाचावे.’

चष्मेवाल्याला वाटलं, सुटलो. त्यानं अंक उघडून सासूबाईंच्या पलंगावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून चौकट वाचली. मग म्हणाल्या, “यात कोण आम्ही, ते कुठं कळतं? मोठी माणसं एकटी असली तरी आम्ही म्हणतात.” बोलण्यात टोमणा नव्हता, शिक्षिका उत्तरपत्रिकेतली चूक दाखवते तसं त्यांनी दाखवलं, आणि म्हणूनच चष्मेवाल्याला ते जास्त लागलं. आपण दोनदा पळ काढला आणि दोन्ही वेळा त्याच एका शब्दामागे लपलो, हे त्याला पुरतं उमगलं. शरम वाटली. पण आता करायचं काय, ते सुचेना.

क्लबात तर नुसता धुमाकूळ झाला. क्लबाचा प्रमुख धंद्यानं फरशीवाला, पण गळ्यात कायम शिट्टी असायची म्हणून त्याला सगळे स्टेशनमास्तर म्हणत. चष्मेवाला दारात दिसला की तो उठून उभा राहायचा आणि महाराजांना खुर्ची द्या, असं फर्मान काढायचा. माणूस वाईट नव्हता. डोंगर आपल्या डोळ्यांनी बघायचाच, असं म्हणून शनिवारी दुपारी तो घरी येऊन थडकला, बरोबर क्लबातला बेकरीवाला. आणि चष्मेवाला त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला, तेव्हा पलंगावर सासूबाईंची बॅग उघडी होती आणि त्या तिच्यात कपडे भरत होत्या.

पाहुणे बॅग बघायला आले नव्हते. ते डोंगरावर वाकले. बेकरीवाला मुळातच अबोल, तो तर घळीत नाक घालून श्वास घ्यायचाच विसरला. स्टेशनमास्तरनं बोटानं एक सुळका हळूच चाचपला, वा म्हणाला, आणि मग त्याच्यानं राहवेना.

“पण महाराज, एक खुलासा करा. हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके किती जण?”

चष्मेवाल्याचे कान तापले. हसून वेळ मारून नेता आली असती. ती कला त्याला साधलेली होती. त्यानं पलंगाकडे पाहिलं. सासूबाई एक स्वेटर घडी करत होत्या आणि त्या स्वेटरची घडी आधीच झालेली होती.

“दोन,” तो म्हणाला. “मी आणि या. माझ्या सासूबाई. डोंगर यांचा, झाडं यांची, मुलींना शिकवत आल्या त्याही याच, आणि गुडघासुद्धा यांचा. मी नुसते रूळ टाकलेत. लेखात यांना घालायची मला लाज वाटली. तुम्ही हसाल म्हणून.”

कुणी हसलं नाही. सासूबाई स्वेटर हातात धरून उभ्या राहिल्या. स्टेशनमास्तरला आपली शिट्टी कुठे ठेवावी ते कळेना. मग बेकरीवाला, ज्याचा आवाज क्लबात कित्येकांनी ऐकलाही नव्हता, त्यांच्याकडे वळून अगदी अदबीनं म्हणाला की मी घरी करून पाहिलं, पण ओढताना माझा दोरा तुटतो.

“एकेरी घेतला असेल,” सासूबाई म्हणाल्या. “दुहेरी घ्यायचा. आणि हिसका द्यायचा नाही.”

आणि झाला वर्ग सुरू. बॅग पलंगाखाली सरकवली गेली, पलंगावर तारा नि सुतळी पसरली गेली. स्टेशनमास्तरला त्यांनी शिट्टी काढून ठेवायला लावली, कारण ती तारेत अडकत होती. त्यानं मोठ्या हौसेनं आपलं पहिलं झाड पुढे केलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं. उसवा, त्या म्हणाल्या, आणि क्लबाच्या प्रमुखानं निमूटपणे उसवायला घेतलं. बायको शिकवणीवरून परत आली, तर घरात तीन मोठे पुरुष मान खाली घालून सुतळी पिळत होते आणि तिची आई त्यांच्या मागून फेऱ्या मारत होती. “अरे, तुझा पीळ उलटा पडलाय,” त्या जावयाला म्हणाल्या. चष्मेवाल्यानं तो सुलटा केला, पण जरा वेळानं, कारण मधे त्याला तार नीट दिसत नव्हती.

पाहुणे गेल्यावर त्यानं संपादकांना फोन केला. या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, आणि सासूबाई ऐकतील इतक्या मोठ्यानं त्यानं सगळं सांगितलं. संपादक म्हणाले की दुरुस्तीची दुरुस्ती आजवर आमच्याकडे छापली गेलेली नाही, पण छापू. एकट्या माणसाला एवढं सुचणार नाही अशी शंका आम्हाला आधीच यायला हवी होती. लेखाखाली दोन्ही नावं जातील आणि पुलावर बाईंनी स्वतः लिहावं, असंही ते म्हणाले. सासूबाईंनी तेवढ्यात हात पुढे करून फोन घेतला आणि त्यांना एवढंच सुनावलं की मुलींच्या कामात चूक दिसली तर आम्ही खूण करत असू, परस्पर दुरुस्त करत नसू. संपादकांनी ते ऐकून घेतलं.

रविवार मात्र उद्यावरच आला होता. बॅग पलंगाखाली होती, पण ती तिथं ठेवलीय की नुसती सरकवलीय, हे विचारायचा धीर ना लेकीला झाला ना जावयाला. जेवणं झाली. सासूबाई पलंगावर बसून होत्या, चष्मेवाला फळीपाशी उगाच गाडी फिरवत उभा होता. मुलाचा फोन आला. उद्या किती वाजता न्यायला येऊ, असं तो विचारत असणार.

“उद्या नको,” सासूबाई म्हणाल्या. “सध्या नकोच.”

पलीकडून मुलानं बरंच काही ऐकवलं. एरवी मीच आपला वाटतो, आता लेकीचं घर गोड लागायला लागलं का, तिथं असं काय आहे जे माझ्याकडे नाही, अशा अर्थाचं ते असावं. सासूबाईंनी शांतपणे सगळं ऐकलं. चष्मेवाल्यानं गाडीचा वेग कमी केला, म्हणजे खडखड कमी व्हावी.

“अरे, तू माझा मुलगाच आहेस,” त्या म्हणाल्या. “पण तुला सुईत दोरा ओवता येत नाही.”

डोंगराला वळसा घालून गाडी पुलाच्या बाजूला वळली. पूल अजून अर्धाच होता, हे चष्मेवाल्याच्या ध्यानात आलं तेव्हा इंजिन सरळ खाली गेलं होतं आणि त्याच्यामागून एकेक डबाही. सासूबाईंनी फोनवर हात ठेवला.

“कान इकडे ठेवून गाडी चालवू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा मुलाशी बोलू लागल्या.